रकाना रिकामा राहिला, त्याची गोष्ट

१२ जुलै १९७३. अमेरिकेत सेंट लुईस शहराला खेटून ओव्हरलंड नावाचं एक उपनगर आहे. तिथल्या सहा मजली सरकारी इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्याला मध्यरात्रीनंतर आग लागली. अग्निशमन दलाचे लोक काही मिनिटांत पोहोचले, वर चढले, आणि तीनेक तासांत उष्णतेमुळे त्यांना खाली यावं लागलं. आग बावीस तास धडधडत होती. ती पूर्ण विझली असं जाहीर व्हायला १६ जुलै उजाडला. आसपासच्या ४२ अग्निशमन जिल्ह्यांची माणसं तिथे राबत होती. माणूस एकही दगावला नाही. जळाला तो फक्त कागद.

पण कुठला कागद? ही इमारत म्हणजे अमेरिकेच्या सैनिकांच्या सेवानोंदींचं कोठार. सहाव्या मजल्यावरच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख माणसांच्या फायली जळाल्या. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून (म्हणजे आर्मीतून) बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. हवाई दलाच्या १९४७ ते १९६४ मधल्या फायलींपैकी, आडनावांच्या वर्णक्रमात 'हबर्ड'च्या पुढे येणाऱ्यांच्या, सुमारे ७५ टक्के गेल्या. म्हणजे तुमचं आडनाव 'ए'वरून असेल तर वाचलात, 'डब्ल्यू'वरून असेल तर गेलात. दैव दैव म्हणतात ते हे असं वर्णानुक्रमे येतं कधीकधी.

आता आमच्या धंद्यातल्या लोकांनी जरा मन घट्ट करून पुढचं वाक्य वाचावं. या फायलींची दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म काढलेली नव्हती, आणि कुठली फाईल आत आहे याची सूचीसुद्धा केलेली नव्हती! बॅकअप नाही आणि इंडेक्सही नाही. त्यातून लाखो कागद आधीच माजी सैनिकांच्या कल्याण खात्याला वापरायला दिलेले होते, त्यामुळे नक्की काय जळलं याची पूर्ण यादी करणंच शक्य झालं नाही. काही लोकांचे कागद केवळ 'उसने नेलेले' होते म्हणून वाचले. परत न केलेल्या पुस्तकांबद्दल ग्रंथपालाच्या शिव्या खाणाऱ्यांना यातून दिलासा मिळायला हरकत नाही.

इमारतीत फवारे नव्हते. हा निव्वळ हलगर्जीपणा नव्हता बरं का. पन्नासच्या दशकात अभिलेखागारवाल्यांमध्ये खरोखरच वाद होता, की कागदाचा मोठा शत्रू कोण, आग की पाणी? फवारा चुकून सुटला तर काय, ही भीती होती. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी (न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुढे यांनीच उभे केले) यांच्या इमारतीत मग फवारे आले नाहीत. शेवटी आग तर लागलीच, आणि ती विझवायला मारलेल्या पाण्याने खालचे मजलेही भिजले. जुलैतला दमट उकाडा, ओला कागद, म्हणजे बुरशी ठरलेली. मग फायली दुधाच्या प्लास्टिकच्या क्रेट्समध्ये भरून मॅकडोनेल डग्लस या विमान कंपनीच्या निर्वात कक्षात वाळवायला नेल्या. अशा जळक्या-भिजक्या सुमारे ६५ लाख फायली वाचवल्या. बाकीच्यांची राख.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. गेले काही महिने मी शनिवार-रविवारी एक विचित्र वाचन करतोय. अमेरिकेच्या तिन्ही सैन्यदलांकडे 'नोंद-दुरुस्ती मंडळं' आहेत. माजी सैनिक त्यांच्याकडे अर्ज करतो, की माझ्या कागदावर अमुक पदक लागलेलं नाही ते लावा, आणि मंडळ निकाल देतं. हे निकाल नावं गाळून सार्वजनिक केलेले असतात. हजारो आहेत. एक वाचलं की दुसरं वाचावंसं वाटतं. बहुतेकांत गोळीबार वगैरे काही नाही. एक म्हातारा आहे, एक फॉर्म आहे, आणि फॉर्मवरचा एक रकाना रिकामा आहे.

पहिला प्रश्न मला पडला तो हा, की मुळात रकाने रिकामे राहिलेच का? आगीवर सगळं ढकलता येत नाही. आग लागण्याआधीच, सैनिकाच्या हातात दिलेला कागदही कित्येकदा अपुरा होता.

१९४५ सालचा मे महिना घ्या. युरोपातलं युद्ध संपलं. अमेरिकेच्या लष्करात तेव्हा ८० लाखांवर माणसं, आणि प्रत्येकाला आजच्या आज घरी जायचंय. कोणाला आधी सोडायचं? त्यासाठी गुणांची पद्धत काढली. नोकरीच्या दर महिन्याला १ गुण, परदेशातल्या दर महिन्याला आणखी १, प्रत्येक मोहिमेच्या ताऱ्याला किंवा शौर्यपदकाला ५, आणि १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे १२ (जास्तीत जास्त तीन मुलं). ८५ गुण झाले की घरी. म्हणजे पदक ही तेव्हा नुसती शोभेची गोष्ट नव्हती. एक पदक कागदावर चढलं नाही तर पाच गुण कमी, आणि पाच गुण कमी म्हणजे जहाज चुकलं.

वर्षभरात, जून १९४६ पर्यंत, हे ८० लाखांचं लष्कर २० लाखांच्या आत आलं. सेवामुक्ती केंद्रांवर रांगा, टंकलेखन यंत्रावर बसलेला पोरगा, तो स्वतः घरी जायला उतावीळ. समोरचा सैनिक त्याहून उतावीळ. "काही राहिलंय का यात?" असं विचारलं तर उत्तर एकच, "नाही, सही कुठे करू?" माझ्या मते दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांच्या निम्म्या चुका या एका उताविळीतून आलेल्या असाव्यात. (हा आकडा माझ्या मनाचा, मनावर घेऊ नका.)

दुसरं कारण आणखी मजेशीर आहे. बरीचशी पदकं तेव्हा अस्तित्वातच नव्हती! युद्धकाळात धातूची टंचाई, म्हणून मोहिमांच्या पदकांच्या नुसत्या रंगीत फिती दिल्या जात. युरोप-आफ्रिका-मध्यपूर्व मोहिमेचं पदक १९४२ साली जाहीर झालं, पण प्रत्यक्ष धातूचं पदक निघालं १९४७ मध्ये, आणि पहिलं दिलं आयझेनहॉवर यांना. तोवर फिती लावून घरी गेलेली पोरं नोकरीला लागली होती, लग्नं करून मोकळी झाली होती. जर्मनी-जपानात ताबा ठेवणाऱ्या सैन्याचं पदक १९४६ चं. युद्धकैद्यांचं पदक तर १९८५ साली निर्माण झालं आणि ते ५ एप्रिल १९१७ पासूनच्या सगळ्या कैद्यांना लागू केलं. कोरियाने युद्ध चालू असतानाच देऊ केलेलं सेवापदक अमेरिकेने स्वीकारलं १९९९ मध्ये. आता १९४५ च्या कागदावर १९८५ चं पदक कसं असणार? नियम मागच्या तारखेने लागू होतो, कागद मात्र होता तिथेच राहतो. डेटाबेसचा आराखडा बदलायचा आणि जुन्या नोंदी तशाच सोडायच्या, हा उद्योग आमच्याकडेही चालतो, पण निदान आम्ही रात्री जागून नंतर निस्तरतो.

सगळ्यात नामी उदाहरण ब्राँझ स्टारचं. पायदळातल्या, प्रत्यक्ष लढाईत असलेल्या सैनिकाला १९४३ पासून एक निळा बिल्ला मिळू लागला, त्यावर जुन्या बंदुकीचं चित्र. त्यासोबत पुढे दरमहा १० डॉलर जादा. चिखलात पडून राहणाऱ्या पायदळाला वैमानिकांसारखा मान मिळत नाही, ही खंत त्यामागे होती. मग १९४७ मध्ये ठरलं, की युद्धात हा बिल्ला (किंवा लढाईतल्या वैद्यकीय सेवकाचा तसाच बिल्ला) मिळवलेल्या प्रत्येकाला ब्राँझ स्टारही द्यायचा. मात्र तो आपोआप घरी येणार नाही, मागावा लागेल! आणि ज्याला द्यायचा तो तर दोन वर्षांपूर्वी घरी गेलेला, लष्कराचं परिपत्रक कशाला वाचतोय? लाखो लोक आपल्याला ब्राँझ स्टार लागू आहे हे न कळताच जगले आणि गेले. कित्येकांच्या मुलानातवंडांना ते साठ-सत्तर वर्षांनी कळलं.

बरं, चूक आहे हे कळलं. दाद कुणाकडे मागायची? १९४६ पर्यंत याचं उत्तर होतं, थेट संसदेकडे. आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याला गाठायचं, त्याने एका माणसापुरतं विधेयक मांडायचं, दोन्ही सभागृहांनी ते मंजूर करायचं, राष्ट्राध्यक्षांनी सही करायची. एका नोंदीसाठी एक कायदा! अशा विधेयकांनी संसद इतकी कातावली की १९४६ च्या सुधारणा कायद्यात तिने स्वतःलाच बंदी घातली, की इथून पुढे लष्करी नोंद दुरुस्त करणारी खासगी विधेयकं आम्ही घेणार नाही. आणि काम सोपवलं सैन्यदलांच्या सचिवांकडे, त्यांनी ते मुलकी माणसांच्या मंडळामार्फत करायचं. ही 'मुलकी' अट मला फार शहाणपणाची वाटते. ज्या वर्दीने चूक केली त्याच वर्दीला न्यायाला बसवलं नाही.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चुकलं तर काय होतं हे ज्याने एकदा अनुभवलंय, त्याला पुढचं समजावून सांगायला नको. फॉर्मचं नाव डीडी-१४९. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर मंडळ उशीर माफ करू शकतं. आणि ते करतंही, नाहीतर साठ वर्षांपूर्वीच्या गोष्टी ऐकल्याच नसत्या. 'चूक' किंवा 'अन्याय' यापैकी एक दाखवावं लागतं. गृहीत असं, की सरकारी नोंद बरोबरच आहे. ती चूक आहे हे सिद्ध करण्याचं ओझं अर्जदारावर. मंडळाने मान्य केलं की सेवामुक्तीच्या मूळ कागदाला (१९५० पासून त्याला डीडी-२१४ म्हणतात) डीडी-२१५ नावाची पुरवणी जोडली जाते. मूळ कागद खोडत नाहीत, त्याला पुढचं पान लावतात. व्हर्जन कंट्रोल म्हणा हवं तर.

पण साध्या प्रकरणांत मंडळापर्यंत जावंही लागत नाही. समजा, एक माणूस २८व्या डिव्हिजनच्या पायदळात होता. नोव्हेंबर १९४४ मध्ये ह्युर्टगेनच्या जंगलात, डिसेंबरमध्ये आर्देनमध्ये, वसंतात जर्मनीत. त्याच्या कागदावर एकच तारा आहे. लष्कराने १९६१ साली एक पुस्तिका छापली, त्यात कुठल्या तुकडीला कुठल्या मोहिमेचं श्रेय हे ओळीने दिलंय. मोहिमांच्या तारखा ठरलेल्या आहेत. ऱ्हाइनलंड १५ सप्टेंबर १९४४ ते २१ मार्च १९४५, आर्देन-अल्सास १६ डिसेंबर ते २५ जानेवारी, मध्य युरोप २२ मार्च ते ११ मे १९४५. माणूस त्या तारखांना त्या तुकडीत होता एवढं दाखवलं की झालं. दोन टेबलं जोडायची आणि तीन तारे बाहेर पडतात. कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही.

आता तोच माणूस म्हणतो, "मला तोफगोळ्याची कपची लागली होती, पर्पल हार्ट मिळालंच नाही." इथे गाडी अडते. जखम शत्रूमुळे झाली हे दाखवा, वैद्यकीय माणसाने उपचार केले हे दाखवा, आणि त्याची नोंद झाली हेही दाखवा. उपचार करणाऱ्या पोराने चिखलात बसून पट्टी बांधली आणि पुढच्या जखमीकडे धावला. त्याने काही लिहिलं असलंच तर ते फाईलमध्ये गेलं, आणि फाईल १९७३ मध्ये सहाव्या मजल्यावर होती.

मग आडवाटेने शोध सुरू होतो. तुकडीचा रोजचा हजेरी अहवाल, त्यात 'अमका इस्पितळात' एवढी ओळ मिळाली तरी सोनं. शेवटच्या पगाराची पावती, तिच्यावर निदान नाव, क्रमांक, तारखा असतात. (पगाराच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या होत्या म्हणून वाचल्या. हिशेबखात्याचे कागद सगळ्यांत चिवट.) आणि १९८८ साली एक घबाड सापडलं. युद्धकाळात सर्जन जनरलच्या कार्यालयाने आकडेवारीसाठी इस्पितळातल्या दाखल्यांची पंचकार्डं केली होती. १९४२ ते १९४५ आणि १९५० ते १९५४ या वर्षांतले सुमारे एक कोटी दाखले संगणकाच्या फितींवर उतरवलेले निघाले. त्यात निदान आहे, जखम कशाने झाली याचा सांकेतिक अंक आहे. नाव मात्र नाही! फक्त सैनिक क्रमांक. आणि यादी पूर्णही नाही. तरीसुद्धा, कोणीतरी सरासऱ्या काढायला केलेल्या कार्डांमधून चाळीस वर्षांनी एखाद्याचा आठ आकडी क्रमांक वर येतो, शेजारी 'तोफगोळा, कपची' असा संकेत, आणि त्या म्हाताऱ्याची गोष्ट खरी ठरते. माझ्या वाचनातले सगळ्यात आनंदाचे निकाल हे असे.

आणि क्रमांक नाही सापडला तर? निकाल येतो, उपलब्ध पुरावा पुरेसा नाही. शेवटी बहुधा एक ठरीव परिच्छेद असतो, की या निर्णयाने अर्जदाराने देशासाठी केलेल्या त्यागाला कमीपणा येत नाही. तो परिच्छेद सभ्यपणे लिहिलेला आहे, तरी मला दर वेळी खुपतो. प्रोग्रामिंग शिकताना पहिल्या वर्षी सांगतात, 'नल' आणि 'फॉल्स' एक नव्हे. माहीत नाही म्हणजे नाही असं नव्हे. मंडळालाही हे माहीत आहे, पण त्यांच्याकडे उत्तराचे रकाने दोनच.

त्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. खोटी पदकं मिरवणारे अमेरिकेत कमी नाहीत. २००५ च्या कायद्याने पदकाबद्दल नुसतं खोटं बोलणंही गुन्हा केला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो भाषणस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केला. २०१३ मध्ये नवा आला, त्यात खोटं सांगून पैसा किंवा फायदा लाटणं गुन्हा ठरलं. पर्पल हार्ट असेल तर सरकारी आरोग्यसेवेत वरचा प्राधान्यगट मिळतो, म्हणजे प्रश्न भावनेपुरता नाही. दार सताड उघडं ठेवता येत नाही हे मान्य. पण ज्याची फाईल सरकारच्याच छपराखाली, सरकारच्याच फवारे नसलेल्या मजल्यावर जळली, त्याच्याकडे पुराव्याचं तेच ओझं मागणं मला पटत नाही. अशा अर्जदाराच्या बाबतीत ते वजन थोडं तरी सरकारच्या पारड्यात जायला हवं.

तारे आणि फिती हिशेबाने मिळतात, मोठी शौर्यपदकं तशी मिळत नाहीत. तिथे कुणा वरिष्ठाने तेव्हाच शिफारस लिहायला हवी होती. आणि शिफारस कोणासाठी लिहिली गेली नाही, हे पाहिलं की अमेरिकेचा दुसरा इतिहास दिसतो. ऑल्बनीच्या रेल्वे स्टेशनवर हमाली करणारा हेन्री जॉन्सन १९१८ मध्ये ३६९व्या पायदळ रेजिमेंटमध्ये होता. कृष्णवर्णीयांची पलटण, अमेरिकन सेनापतींनी फ्रेंचांच्या हाताखाली देऊन टाकलेली. १४-१५ मेच्या रात्री आर्गोनच्या जंगलात तो आणि नीडहॅम रॉबर्ट्स पहाऱ्यावर असताना जर्मन टोळी चालून आली. रॉबर्ट्स घायाळ झाला, त्याला ओढून नेत होते. गोळ्या संपल्यावर जॉन्सन बंदुकीच्या दस्त्याने आणि मग कोयत्यासारख्या सुऱ्याने लढला, त्याच्या अंगावर एकवीस जखमा झाल्या, पण साथीदाराला नेऊ दिलं नाही. फ्रान्सने 'क्रॉ द गेर' दिलं. अमेरिकेने काहीच दिलं नाही. त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर या जखमांची नोंदसुद्धा नव्हती. १९२९ मध्ये तो गेला. पर्पल हार्ट १९९६ मध्ये, डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस २००२ मध्ये. सर्वोच्च पदकासाठी त्याच काळातला, वरिष्ठांच्या साखळीतला कागद हवा होता, आणि तो सिनेटर चक शूमर यांच्या कार्यालयातल्या लोकांनी शोधून काढला, मे १९१८ मधलं जनरल पर्शिंग यांचं टिपण. संसदेने मुदतीची अट उठवली आणि २ जून २०१५ रोजी मेडल ऑफ ऑनर जाहीरपणे दिलं गेलं. ९७ वर्षं लागली. लुइझियानातल्या एका मोठ्या लष्करी तळाला २०२३ मध्ये त्याचं नाव दिलं, ते २०२५ मध्ये काढलंही. दुसऱ्या महायुद्धाचंही तेच, मेडल ऑफ ऑनर मिळालेल्या चारशेवर जणांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. फेरतपासणी होऊन १९९७ मध्ये सात जणांना ते मिळालं, त्यातला एकटा व्हर्नन बेकर हयात होता.

उलटा प्रकारही घडलाय, दिलेलं पदक नोंदीतून काढून घेण्याचा. १९१७ मध्ये लष्कराने मेडल ऑफ ऑनरची यादी साफ करून ९११ नावं कापली. त्यातली ८६४ एकट्या २७व्या मेन रेजिमेंटची होती. गेटिसबर्गच्या लढाईच्या वेळी मुदत संपूनही वॉशिंग्टनच्या रक्षणाला थांबाल तर पदक देऊ, असं आश्वासन त्यांना दिलं होतं. थांबले तीनशेच्या आसपास, पदकं बनली सगळ्या रेजिमेंटची. ही कारकुनी चूक, ती कापली ते ठीक. पण त्याच कात्रीत मेरी वॉकर सापडली. यादवी युद्धातली शल्यविशारद, १८६४ मध्ये चार महिने शत्रूच्या कैदेत राहिलेली, हे पदक मिळालेली एकमेव स्त्री. कारण दिलं, की ती कंत्राटी डॉक्टर होती, रीतसर सैनिक नव्हती.

बाईंनी पदक परत केलं नाही. विजार आणि कोट घालून हिंडायच्या, कोटावर ते लावायच्या, १९१९ मध्ये मरेपर्यंत लावत राहिल्या. कागदावर ते बेकायदा होतं. १९७७ मध्ये प्रकरण लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळापुढे आलं, आणि मंडळाने मृत्यूनंतर ५८ वर्षांनी त्यांचं नाव यादीत परत लिहिलं. बफेलो बिल कोडीचंही नाव त्याच १९१७ च्या कात्रीत गेलं होतं, तेही १९८९ मध्ये परत आलं.

ओव्हरलंडची ती इमारत आता नोंदींसाठी वापरात नाही. २०११ मध्ये सगळं सेंट लुईसजवळच्याच स्पॅनिश लेक इथल्या नव्या केंद्रात हलवलं. कोविडमध्ये ते केंद्र बंद राहिल्यामुळे २०२२ पर्यंत सहा लाखांवर अर्ज तुंबले होते, तो ढीग २०२४ च्या सुरुवातीला उपसून झाला. सेवामुक्तीला ६२ वर्षं उलटली की फाईल सगळ्यांना खुली होते, कोणीही फी भरून मागवू शकतो. ६५ लाख जळक्या फायली तिथे वेगळ्या, थंड आणि कोरड्या दालनांत ठेवल्या आहेत. सगळ्या एकदम दुरुस्त करत नाहीत. कुणाचा अर्ज आला की तेवढीच फाईल बाहेर काढतात, काजळी पुसतात, चिकटलेली पानं एकेक सोडवतात, काळवंडलेल्या कडांमध्ये अक्षर दिसतंय का पाहतात. बाकीच्या, कोणीतरी मागेपर्यंत, तशाच.